सर, क्रुसेड्समुळेच युरोपातली शहरं परत उभी राहिली ना?

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलंय की, "सर, आमच्या नोट्समध्ये फक्त तीन ओळी आहेत. धर्मयुद्धांमुळे पूर्वेशी व्यापार सुरू झाला, व्यापारामुळे शहरं आली, शहरांमुळे सरंजामशाही मोडली. एवढंच आहे का? आणि शहरांना सनद मिळायची म्हणतात, तर त्या सनदेत नक्की काय मिळायचं?"

मी सव्वीस वर्षं मध्ययुगीन युरोप शिकवला आणि या तीन ओळी मला दरवर्षी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात भेटत आल्या, त्यामुळे कुणीतरी थांबून विचारलं याचा खरंच आनंद झाला. उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बस.

पहिली ओळ आधी बघू. पोप अर्बन दुसरा याने फ्रान्समधल्या क्लेरमाँला धर्मयुद्धाची, म्हणजे मुसलमानांच्या ताब्यातलं जेरुसलेम घ्यायच्या क्रुसेडची, हाक दिली ती नोव्हेंबर 1095 मध्ये आणि जेरुसलेम पडलं 1099 मध्ये. आता तूच विचार कर, हजारो माणसं, घोडे, धान्य, हत्यारं घेऊन हजारो किलोमीटर जायचं, मागून इटलीतल्या जिनोआची जहाजं सामान पुरवणार, सरदार लोक जमिनी गहाण टाकून रोकड उभी करणार, म्हणजे रोकड देणारा कुणीतरी आधीपासून होता, जहाजं बांधणारा होता, जास्तीचं धान्य होतं आणि घरची शेती अडणार नाही इतकी जास्तीची माणसंही होती. हे सगळं 1095 च्या आधीच्या शे-दीडशे वर्षांत तयार झालं म्हणून तर धर्मयुद्ध निघू शकलं. नोट्समध्ये जे कारण म्हणून दिलंय ते बऱ्याच अंशी परिणाम आहे.

मग सुरुवात कुठून? आधी पडझड किती झाली होती ते लक्षात घे. ऐन भरात असताना रोममध्ये दहा लाखांच्या आसपास लोक होते असा अंदाज आहे, ते पुढच्या काही शतकांत 50,000 च्याही खाली आले. दक्षिण फ्रान्समधल्या आर्लमध्ये रोमन लोकांनी बांधलेलं खेळांचं मोठं दगडी गोल मैदान होतं, त्याच्या आत लोकांनी घरं बांधली, बाहेरच्या भिंतीवर बुरूज चढवले आणि तोच त्यांचा कोट झाला. माझ्या मते "शहर आक्रसलं" हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं चित्र नाही. पण सगळं मेलं होतं असं मात्र लिहू नकोस. बेल्जियन इतिहासकार आंरी पिरेन यांनी मांडलं होतं की अरबांनी भूमध्य समुद्राचे किनारे घेतले आणि त्यामुळे पश्चिम युरोपचा व्यापार बंद पडला. ही मांडणी फार वर्षं चालली, अजूनही पेपरात विचारतात, पण नंतरच्या उत्खननांनी तिला बरेच धक्के दिले. ऱ्हाइनच्या मुखाशी डोरेश्टाड, डेन्मार्कच्या टोकाला हेडेबी, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हॅमविक अशी व्यापारी ठाणी आठव्या-नवव्या शतकात चांगली चालू होती. भूमध्य समुद्रावर शुकशुकाट वाढला असेल पण उत्तरेच्या समुद्रात ये-जा होती. डोरेश्टाड 834 पासून व्हायकिंगांनी पुन्हा पुन्हा लुटलं हे खरं, पण लुटायला काही असल्याशिवाय कुणी पुन्हा पुन्हा येत नाही.

खरी गोष्ट शेतात सुरू होते आणि नोट्सवाले नेमकं तेच गाळतात. उत्तर युरोपातली जमीन भारी, चिकट, ओली. रोमन काळातला हलका नांगर तिथे नुसता ओरखडा काढायचा. चाकाचा, माती पलटणारा जड नांगर हळूहळू पसरला, घोड्याच्या गळ्याऐवजी खांद्यावर भार येईल असं जू आलं आणि जमीन दोन भागांऐवजी तीन भागांत फिरवायची पद्धत आली. हा तिसरा मुद्दा हिशेबाने बघ, मी वर्गात नेहमी फळ्यावर असाच मांडायचो. 60 एकर जमीन आहे. जुन्या पद्धतीत अर्धी पडीक ठेवायची, म्हणजे पेरा 30 एकर. नव्या पद्धतीत एक भाग शरदात गव्हाचा किंवा राय धान्याचा, दुसरा वसंतात ओट्स, जव नाहीतर वाटाणा-घेवड्याचा, तिसरा पडीक, म्हणजे पेरा 40 एकर. जमीन तेवढीच, पेरा एक तृतीयांशाने वाढला, वर ओट्समुळे घोड्याचा खुराक आणि कडधान्यामुळे माणसाचा आहार सुधारला, आणि एक पीक बुडालं तरी दुसरं हाताशी राहिलं. हे सगळीकडे एकदम झालं नाही, भूमध्य समुद्राकडच्या कोरड्या जमिनीत तर फारसं चाललंच नाही, पण जिथे झालं तिथे चित्र पालटलं. इंग्लंडमध्ये 1086 च्या राजाच्या मोजणीत साडेपाच हजारांहून जास्त पाणचक्क्यांची नोंद आहे, म्हणजे दळायला तेवढं धान्य होतं. युरोपची लोकसंख्या सन 1000 च्या सुमारास साडेतीन-चार कोटी धरतात आणि 1300 च्या सुमारास सात-आठ कोटी, म्हणजे तीनशे वर्षांत दुप्पट.

घरात खाऊन उरतं तेव्हा माणूस विकायला निघतो. जिथे नदीला उतार आहे, पूल आहे, गढीचा दरवाजा आहे, मठ आहे तिथे आठवड्याचा बाजार बसतो. फ्रँकफुर्ट, ऑक्सफर्ड या नावांच्या शेवटी तो नदीचा उतारच आहे. गढीच्या म्हणजे बुर्गच्या आधाराने जी वस्ती वाढली तिथल्या माणसाला बर्गर, बर्गेस, बूर्ज्वा म्हणू लागले. आपण बूर्ज्वा शब्द शिवीसारखा वापरतो, मूळ अर्थ एवढाच की हा बुर्गातला माणूस.

आता एक माणूस सांगतो, तो मला फार जवळचा वाटतो. गॉड्रिक नावाचा, इंग्लंडमधल्या नॉरफकचा, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला. पुढे तो संन्यासी झाला आणि लोक त्याला संत मानायला लागले म्हणून एका भिक्षूने त्याचं चरित्र लिहिलं, नाहीतर असल्या माणसाचं नाव कोण टिपून ठेवतो. हा पोरगा आधी समुद्रकिनाऱ्यावर वाहून आलेल्या वस्तू गोळा करत फिरायचा, मग पाठीवर गाठोडं टाकून गावोगाव किरकोळ माल विकायला लागला, मग शहरी व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर जत्रांना जाऊ लागला, मग जहाजाने स्कॉटलंड, डेन्मार्क, फ्लँडर्स (आजच्या बेल्जियमकडचा भाग). एका गावात मुबलक असलेली वस्तू जिथे दुर्मिळ तिथे न्यायची, तिथली परत आणायची. पुढे भागीदारांबरोबर एका जहाजाचा अर्धा हिस्सा आणि दुसऱ्या जहाजाचा पाव हिस्सा त्याने घेतला. हिस्सा, लक्षात घे, अख्खं जहाज नाही, कारण बुडालं तर सगळं एकट्याचं बुडू नये. सोळा वर्षं असा धंदा करून मग सगळं सोडून तो जंगलात जाऊन राहिला आणि 1170 मध्ये वारला. याच्या धंद्याची सुरुवात नॉरफकच्या किनाऱ्यावर आणि आसपासच्या खेड्यांत झाली, कुठल्याही जेरुसलेममधून नाही. असे शेकडो गॉड्रिक असणार ज्यांना चरित्रकार मिळाला नाही.

दक्षिणेत, म्हणजे इटलीत, गोष्ट वेगळी होती, तिथे व्यापार कधी पूर्ण तुटलाच नव्हता. व्हेनिस म्हणजे खारट पाण्यातली बेटं, पिकायला जमीन नाही, मीठ आणि मासे विकून धान्य आणायचं, म्हणजे ते लोक पहिल्यापासून बाजारावरच जगत होते. अमाल्फीचे व्यापारीही लवकरच पूर्वेत पोचले होते. बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट अलेक्सिअसला नॉर्मन लोकांविरुद्ध आरमार हवं होतं, ते व्हेनिसने दिलं आणि बदल्यात साम्राज्यात जकातमाफी आणि कॉन्स्टँटिनोपलमध्ये स्वतःची पेठ मिळवली. या सनदेची तारीख बहुतेक ठिकाणी 1082 दिलेली असते, म्हणजे क्लेरमाँच्या तेरा वर्षं आधी. पिसा आणि जिनोआने मिळून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या महदियावर छापा घातला तो 1087 मध्ये, तोही आधीच.

आणि भांडवल उभारायची त्यांची पद्धत बघ. एक जण 100 लिरा देणार आणि घरीच बसणार, दुसरा नुसती मेहनत देणार आणि जहाजाबरोबर जाणार. 40 लिरा नफा झाला तर बसणाऱ्याला 30, जाणाऱ्याला 10. जहाज बुडालं तर पैशाचं नुकसान बसणाऱ्याचं, जाणाऱ्याची मेहनत गेली, जगला वाचला तर पुन्हा उभा राहील. याला कोमेंडा म्हणायचे. बिनपैशाच्या धडपड्या पोराला यातून दोन-चार सफरींत स्वतःचं भांडवल जमवता यायचं. वर यात ठरीव व्याज नाही, धोका वाटून घेतलाय, त्यामुळे चर्चच्या व्याजबंदीतही अडकत नाही. अरब व्यापाऱ्यांत असाच किराद नावाचा करार आधीपासून होता, आणि सारखेपणा इतका आहे की देवाणघेवाण झाली असावी असं मला वाटतं.

मग धर्मयुद्धांनी काहीच केलं नाही का? केलं. 1124 मध्ये भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचं टायर जिंकायला व्हेनिसने मदत केली तेव्हा शहराचा तिसरा हिस्सा ठरवून घेतला, जिनोआ आणि पिसाला सीरियाच्या किनाऱ्यावर पेठा मिळाल्या, यात्रेकरू आणि रसद नेण्याचा मोठा धंदा मिळाला. चालत्या गाडीला वेग आला असं लिही, गाडी सुरू झाली असं लिहू नकोस. आणि दुसरी बाजू तर जवळजवळ कुठल्याच नोट्समध्ये नसते. 1084 मध्ये ऱ्हाइनकाठच्या श्पायरच्या बिशपने ज्यू लोकांना सनद देऊन बोलावलं, आणि कारणही लिहून ठेवलं की मला या गावाचं शहर करायचंय आणि ज्यू आले तर गावाचा मान हजारपट वाढेल. व्यापार जाणणारी माणसं त्याला हवी होती. बाराच वर्षांनी, 1096 मध्ये, जेरुसलेमला निघालेल्या टोळ्यांनी वाटेत वर्म्स आणि माइन्झमधल्या ज्यू वस्त्यांची कत्तल केली. व्यापारी शहरांत सगळ्यात आधी राबलेल्या माणसांपैकी काही अशी मारली गेली, हे माहीत असताना "धर्मयुद्धांनी शहरं उभारली" हे वाक्य मला लिहवत नाही.

आता सनदेचं, तुझा दुसरा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. बाजार कुठेही बसतो, तट कुठल्याही गढीला असतो, पण शहर होतं ते हक्कामुळे. खेड्यातला भूदास जमिनीला बांधलेला, मुलीचं लग्न बाहेर करायचं तर मालकाला पैसे, दळण मालकाच्याच चक्कीवर, आठवड्यातले काही दिवस मालकाच्या शेतावर वेठ. असा माणूस व्यापार कसा करणार? त्याला गाव सोडून जाता आलं पाहिजे, माल विकता-गहाण टाकता आला पाहिजे, उधारी बुडाली तर लवकर न्याय मिळाला पाहिजे. शहरी लोक नेमकं हेच मागत होते.

ठोस उदाहरण देतो. 1120 मध्ये जर्मनीतलं फ्रायबुर्ग वसवलं तेव्हा तिथल्या सरदाराने व्यापाऱ्यांना 100 फूट लांब, 50 फूट रुंद असे प्लॉट दिले, भाडं वर्षाला एक शिलिंग. आपल्याकडे पेठ वसवताना शेटे-महाजनांना कौल द्यायचे, काही वर्षं करमाफी वगैरे, त्याच जातीचं काम. फ्रान्समधल्या लोरी या गावाची सनद तर खूप गाजली, राजा सहावा लुई याने दिली आणि सातव्याने 1155 मध्ये पक्की केली. घर आणि एक एकर जमिनीला वर्षाला सहा पेनी. ज्या मोहिमेवरून त्याच दिवशी घरी परतता येणार नाही अशा मोहिमेवर कुणाला नेणार नाही. 60 सूंचा (सू हे तिथलं नाणं) दंड असेल तिथे 5 सू. वेठ नाही, फक्त ज्याच्याकडे घोडा-गाडी आहे त्याने वर्षातून एकदा राजाची वाईन ओर्लेआँला पोचवायची. ज्याला गाव सोडायचंय त्याने मालमत्ता विकून खुशाल जावं. आणि जो इथे वर्ष आणि एक दिवस राहिला, मागे कुणी दावा सांगत आलं नाही, तो मोकळा. अशी कलमं वाचली की त्या माणसांना रोज काय टोचत होतं ते कळतं, म्हणून मी नेहमी सांगतो, कलमं वाचा, वर्णनं नंतर. कित्येक गावांनी हीच सनद आपल्याला मागून घेतली.

पण सनद नेहमी अशी सुखाने मिळाली नाही. उत्तर फ्रान्समधल्या लाँ शहराची गोष्ट अशी. बिशप गॉद्री इंग्लंडला गेलेला असताना मागे पुरोहितांनी आणि सरदारांनी नागरिकांकडून पैसे घेऊन त्यांना कम्यून, म्हणजे एकमेकांना शपथेने बांधलेला नागरिकांचा संघ, करायची परवानगी दिली. बिशप परत आला, चिडला, त्यालाही पैसे दिले, तो गप्प बसला. राजालाही दिले. मग पैसे संपले असावेत, कारण 1112 मध्ये बिशप राजाच्या मागे लागला की हे मोडून टाका. नागरिक म्हणाले आम्ही 400 पौंड देतो, बिशप म्हणाला मी 700 देतो. राजाने 700 वाल्याचं ऐकलं. आणि ते 700 बिशप आणणार कुठून? प्रत्येक नागरिकाने कम्यून करायला जेवढे दिले होते तेवढेच त्याच्याकडून पुन्हा घ्यायचे, आता ते मोडायला! शहर बंद पडलं, चांभारांनी दुकानं लावली नाहीत, खाणावळवाल्यांनी काही मांडलं नाही. मग दंगल झाली, बिशप तळघरात एका पिंपात लपला, सापडला आणि मारला गेला. शहर जळालं, सूड झाले, आणि 1128 मध्ये राजाने अखेर "शांततेची व्यवस्था" अशा नावाने बरेचसे तेच हक्क दिले. कम्यून हा शब्द सनदेत येऊ दिला नाही, एवढी त्या शब्दाची धास्ती होती. ही हकीगत ज्याने लिहिली तो मठाधिपती नागरिकांच्या विरुद्धच होता, तरी बिशपची लबाडी त्याला लपवता आली नाही.

इटलीत हे प्रकरण जर्मन सम्राटाशी लढाईपर्यंत गेलं, उत्तर इटलीतल्या लोंबार्ड शहरांचा संघ 1167, लेन्यानोची लढाई 1176, कॉन्स्टन्सचा तह 1183, या तीन तारखा पाठच कर.

व्यापाराला शहरांइतकीच रस्त्यावरच्या सुरक्षिततेची गरज होती, आणि तिथे फ्रान्समधल्या शँपेन प्रांताच्या जत्रा येतात. त्र्वा, प्रोव्हँ, लान्यी, बार-स्युर-ओब या चार गावांत मिळून वर्षाला सहा जत्रा, एक संपली की दुसरी, जवळपास वर्षभर बाजार चालू. इटालियन मसाले आणि रेशीम घेऊन यायचे, फ्लँडर्सचे लोक ईप्र, गेंटचं लोकरी कापड आणायचे. प्रत्येक जत्रेत आधी माल मांडायचे दिवस, मग कापडाचे, मग वजनावर विकायच्या मालाचे आणि शेवटी नुसते पेमेंटचे दिवस, म्हणजे कुणाचं कुणाकडे किती हे वळतं करून उरलेलंच द्यायचं, नाहीतर पुढच्या जत्रेवर ढकलायचं. शँपेनच्या काउंटची चलाखी अशी की वाटेत व्यापाऱ्याला लुटलं तर तो स्वतःचं नुकसान समजून पाठपुरावा करायचा, आणि एखाद्याने देणं बुडवलं तर जत्रेचे अधिकारी त्याच्या गावाला कळवायचे, गावाने वसूल करून दिलं नाही तर त्या अख्ख्या गावाच्या व्यापाऱ्यांना जत्रा बंद. मग गावच त्याच्या मागे लागायचं! पोलीस नाहीत, आंतरराष्ट्रीय कायदा नाही, तरी उधारीवर धंदा चालला तो यामुळे. पुढे 1277 मध्ये जिनोआची जहाजं जिब्राल्टरला वळसा घालून थेट फ्लँडर्सला पोचली, इटालियन पेढ्यांनी उत्तरेत कायमचे मुनीम बसवले आणि जत्रांची गरज हळूहळू सरली.

याच काळात सोन्याची नाणी परतली, फ्लॉरेन्सचा फ्लोरिन 1252, व्हेनिसचा डुकाट 1284. डुकाटच्या एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा प्रमुख, आहे. मलबारच्या मिरीसाठी जे सोनं अलेक्झांड्रियाच्या वाटेने पूर्वेकडे वाहत राहिलं त्यातून हे नाणं पुढे आपल्या किनाऱ्यापर्यंत आलं आणि त्यावरच्या उभ्या आकृत्यांमुळे आपण त्याला पुतळी म्हणायला लागलो. पुतळ्यांच्या माळेतलं नाव तिथून आलंय. उलट दिशेने आपले अंक गेले, पिसाच्या फिबोनाचीने ते अल्जेरियाच्या किनाऱ्यावर शिकून 1202 मध्ये व्यापारी हिशेबांसह लिहून काढले. तरी 1299 मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या गिल्डने, म्हणजे धंद्याच्या संघाने, खातेवहीत हे अंक वापरायला बंदी घातली होती. नवीन गोष्ट अशी अडखळतच जाते.

राहिली तिसरी ओळ, शहरांमुळे सरंजामशाही मोडली. इथे सावध राहा. बहुतेक शहरं दोन हजारांच्या आतली होती, शेकडा नव्वदच्या आसपास लोक खेड्यातच होते. कित्येक शहरं सरदारांनीच वसवली कारण भाडं आणि जकात रोख मिळायची, जर्मनीतलं ल्युबेक 1143 मध्ये एका काउंटनेच वसवलं. शहरात जन्मापेक्षा मृत्यू जास्त, म्हणून खेड्यातून माणसं येत राहिली तरच ते टिकायचं, आणि आलेल्या मजुराला शहराच्या कारभारात जागा सहसा मिळायची नाही, ती श्रीमंत व्यापारी घराण्यांकडेच. जर्मनीतल्या एल्ब नदीच्या पूर्वेला तर पुढच्या शतकांत, पश्चिमेला धान्य विकायला लागल्यावर, भूदासगिरी उलट घट्ट झाली. म्हणजे बाजार आला की माणूस मोकळा होतो असं सरळ गणित नाही, हक्क कुणी कुणाकडून मिळवला ते प्रत्येक ठिकाणी वेगळं बघावं लागतं.

या बाबतीत तुला एकच उदाहरण वापरायचं असेल तर इटलीतलं बोलोन्या वापर. 1256 मध्ये तिथल्या नगरसभेने ठरवलं की आपल्या हद्दीतले भूदास मोकळे करायचे, आणि चारशेच्या आसपास मालकांकडून सुमारे 5,800 माणसं शहराच्या तिजोरीतून पैसे देऊन सोडवली. चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाचे 10 लिरा, लहानांचे 8. त्या सगळ्यांची नावं, मालकानुसार, एका वहीत लिहिली, ती वही आजही आहे. वहीची सुरुवात देवाने माणसाला स्वतंत्र जन्माला घातलं इथून होते आणि ते त्यांनी मनापासून लिहिलं असेल, पण नगरसभेला हेही पक्कं माहीत होतं की भूदासाकडून कर मिळत नाही आणि मोकळ्या माणसाकडून मिळतो. उत्तरात दोन्ही लिही.